अंथरूण कोणत्या गावी घालावे?

चातुर्मासासाठी क्षेत्र निवडताना साधु-साध्वींनी काय काय पाहावे, याची चर्चा कल्पसूत्राच्या टीकाग्रंथांत आली आहे. तेथे चिखल फार नसावा, जीवजंतूंची उत्पत्ती कमी असावी, राहण्याची जागा निर्दोष असावी, वैद्य आणि औषध जवळ असावे, भिक्षा सुलभ असावी, स्वाध्यायाला अनुकूलता असावी, अशा कसोट्या तेथे सांगितल्या आहेत. ज्यांचे स्वतःचे घर नाही आणि ज्यांना त्या गावी केवळ चार महिने काढायचे आहेत, त्यांच्यासाठी परंपरेने इतका विचार केला. उलट, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन एखाद्या शहरात कायमचे राहू पाहणारा गृहस्थ पुष्कळदा चौरस फुटाचा भाव आणि पगाराचा आकडा या दोनच गोष्टी विचारून मोकळा होतो.

जळगाव-धुळ्याच्या घरांत हा विषय वर्षातून एकदा तरी निघतोच. दिवाळीला पुण्या-मुंबईची मुले घरी येतात, चार दिवस घर भरलेले असते, भाऊबीज आटोपते आणि परतीच्या गाडीच्या आदल्या रात्री वडील म्हणतात, ‘‘तिकडे जेवढे भाडे भरता, तेवढ्यात इकडे सगळे घर चालते. मग कशासाठी राहता?’’ मुलगा उत्तर देतो, ‘‘बाबा, इकडे खर्च कमी आहे, तसा पगारही कमी आहे.’’ आई नातवाच्या पिशवीत खाऊ भरत असते. सून काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी सुटते आणि प्रश्न पुढच्या दिवाळीपर्यंत तसाच राहतो.

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण प्रत्येक घरात शिकवली जाते. मात्र अंथरूण घरात आधीच घातलेले आहे, हे तिच्यात गृहीत धरले आहे. आजच्या पिढीपुढे त्याच्या आधीचा प्रश्न उभा आहे. अंथरूण कोणत्या गावी घालावे, हे ठरवायचे कसे?

पूर्वजांनी काय पाहिले?

खानदेशातील बहुसंख्य ओसवाल कुटुंबांच्या दृष्टीने हा प्रश्न नवा नाही. त्यांचे पूर्वज मारवाडातून आले. खानदेश ही त्यांची जन्मभूमी नव्हती, ती त्यांनी निवडलेली भूमी होती. पाण्यासाठी तरसणारा प्रदेश सोडून तापी-गिरणेच्या काळ्या जमिनीकडे ते वळले. १८६०च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे या भागात आली, कापसाचा व्यापार वाढला आणि अडत, सावकारी, कापड व धान्य यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. पुढे जैन उद्योगसमूह उभारणारे भवरलाल जैन यांचे पूर्वज १८८७ साली मारवाडातील आगोलाई सोडून अजिंठ्याजवळच्या वाकोद या खेड्यात आले, ते याच ओढीने. वाकोद स्वस्त होते म्हणून ते आले, असे म्हणता येणार नाही. जेथे पाणी आहे तेथे शेती आहे आणि जेथे शेती आहे तेथे व्यापाराला आधार आहे, एवढे गणित त्यांच्यापाशी होते.

धुळ्याची कथा याहून वेगळी आणि या विषयाला अधिक जवळची आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले. १८१९ पासून तेथे कचेऱ्या बांधण्यास सुरुवात झाली, त्यासाठी दुरून कारागीर आणले गेले आणि व्यापाऱ्यांनी नव्या वस्तीत यावे म्हणून घरांसाठीच्या जागा कायमच्या बिनभाड्याने देण्यात आल्या. घर बांधण्यासाठी आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. म्हणजे राहण्याचा खर्च कमी करून माणसे गावात आणावीत, ही युक्ती धुळ्याने दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवली आहे. परंतु जागा फुकट मिळाली म्हणून कोणी एखाद्या गावात दोन शतके टिकत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचे स्थान, जिल्ह्याची कचेरी, आसपासचा कापूस आणि नंतर आलेल्या गिरण्या, यांनी ती वस्ती टिकवली. स्वस्ताईमुळे माणूस गावात येतो खरा, पण तो राहतो कामामुळे आणि शेजारामुळे.

भवरलालजींच्या आयुष्यातही अशी निवड करण्याचा प्रसंग आला. वाणिज्य आणि कायदा यांचे शिक्षण झाल्यावर राज्य सेवेतील अधिकारपदाची वाट त्यांना मोकळी झाली होती. ती सोडून त्यांनी तीन पिढ्यांची शिल्लक असलेल्या ७,००० रुपयांवर १९६३ मध्ये केरोसीनच्या विक्रीपासून व्यवसाय सुरू केला. पुढे केळीची भुकटी करण्यासाठी बांधलेला बंद कारखाना घेऊन पपईच्या चिकापासून पपेन तयार करणे, मग नळ, मग ठिबक सिंचन, असा विस्तार होत गेला आणि तरीही उद्योगाचे मुख्य ठाणे जळगावच राहिले. २०१२ मध्ये जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभे राहिले, तेही याच भूमीवर. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांच्या उद्योगाचा कच्चा माल आणि त्यांचा ग्राहक, दोन्ही खानदेशच्या शेतात होते. कामाचे मूळ आणि राहण्याचे ठिकाण एकाच मातीत असल्यामुळे जळगावात राहणे हा त्यांच्यासाठी त्याग ठरला नाही.

याची दुसरी बाजूही खानदेशातच सापडते. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना काढला. त्याच कंपनीचे पुढे ‘विप्रो’ झाले आणि संगणकाच्या कामासाठी तिचे मुख्यालय बेंगळुरूला गेले. अमळनेरच्या कित्येक घरांनी त्या काळी घेतलेले समभाग पिढ्यान्‌पिढ्या जपले आणि त्यांना त्याचे मोठे फळ मिळाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. संगणकाचे ते काम अमळनेरमध्ये राहून तेवढे वाढले असते, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून ‘गावात राहिला तो चांगला आणि शहरात गेला तो स्वार्थी’ अशी विभागणी करणे अन्यायाचे आहे. कोणत्या कामाला कोणती माती लागते, हे आधी पाहिले पाहिजे.

सरकारचे मोजमाप

दोन गावांच्या खर्चातील फरक पैशात मोजण्याची एक अधिकृत रीत सरकारकडे आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मिळणारा घरभाडे भत्ता शहराच्या लोकसंख्येवर ठरतो. पन्नास लाख व त्याहून अधिक लोकसंख्येची शहरे पहिल्या वर्गात, पाच ते पन्नास लाखांची दुसऱ्या वर्गात आणि उरलेली सर्व तिसऱ्या वर्गात मोडतात. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात आहेत. नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि मालेगावसुद्धा दुसऱ्या वर्गात आहेत. २०११ च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या ४,६०,२२८ आणि धुळ्याची ३,७५,५५९ भरली, म्हणून ही दोन्ही शहरे तिसऱ्या वर्गात राहिली. जानेवारी २०२४ पासून या तीन वर्गांसाठी भत्त्याचा दर मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहे.

ज्याचे मूळ वेतन ५०,००० रुपये आहे, त्याला पुण्यात १५,००० आणि जळगावात ५,००० रुपये भत्ता मिळतो. दोन्ही गावांत निवारा मिळवण्याच्या खर्चात महिना १०,००० रुपयांचा, म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपयांचा फरक सरकारने मान्य केला, असा याचा अर्थ. येथे मूळ वेतन दोन्हीकडे सारखेच असते, हे विसरू नये. बदली होऊन जळगावात आलेल्या बँक अधिकाऱ्याला किंवा रेल्वे कर्मचाऱ्याला स्वस्ताईचा लाभ पूर्ण मिळतो, कारण त्याचे मूळ उत्पन्न घटत नाही. खाजगी नोकरी करणाऱ्याचे उत्पन्न मात्र गाव बदलताच बदलते. म्हणून शेजारच्या बँक अधिकाऱ्याचा दाखला संगणक अभियंता असलेल्या मुलाला देण्यात अर्थ नाही.

गाव लहान झाले म्हणून प्रत्येक वस्तू स्वस्त होत नाही, हेही ध्यानात असावे. घर, भाजीपाला, दूध, घरकामाची मदत आणि रोजचे अंतर, एवढ्या गोष्टी जळगाव-धुळ्यात स्वस्त पडतात. भ्रमणध्वनी, मोटार, पेट्रोल, विम्याचा हप्ता आणि घरबसल्या मागवलेल्या वस्तू यांचे दर सगळीकडे जवळपास सारखे असतात. काही बाबी तर येथे महाग पडतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा कूलर आणि वातानुकूलनाचे बिल पुण्याच्या बिलाला मागे टाकते. अवघड दुखण्यासाठी नाशिक, संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागली, तर उपचारांखेरीज प्रवास आणि मुक्काम यांचाही भार पडतो. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०१८ पासून जळगावातही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्यामुळे पूर्वीची अडचण पुष्कळ कमी झाली, तरी ती संपली असे मानून हिशेब मांडू नये.

घरचा हिशेब

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. पुढील आकडे कोणत्याही पाहणीतले नव्हेत. हिशेबाची रीत कळावी, एवढ्यासाठीच ते मांडले आहेत आणि प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

पती-पत्नी दोघे पुण्यात नोकरी करतात. पतीचे ७५,००० आणि पत्नीचे ६५,००० मिळून महिन्याला १,४०,००० रुपये घरात येतात. घरभाडे ३२,०००, दोघांचे येणे-जाणे १२,०००, मुलाची शाळा व पाळणाघर १८,०००, घरकामाची मदत आणि बाहेरचे खाणे २०,०००, किराणा व इतर घरखर्च २२,०००, गावाकडच्या फेऱ्या ६,००० असा एकूण खर्च १,१०,००० होतो आणि शिल्लक ३०,००० राहते. आता हेच कुटुंब धुळ्यात वडिलांच्या घरी आले, पतीला ७५,००० रुपयांचेच काम घरून करता आले आणि पत्नीला काम मिळाले नाही, असे धरू. घराची डागडुजी ४,०००, येणे-जाणे ३,०००, शाळा ६,०००, मदत व बाहेरचे खाणे ६,०००, किराणा व इतर खर्च २०,०००, वीज, औषधपाणी व बाहेरगावचे प्रवास ९,००० मिळून खर्च ४८,००० होतो आणि शिल्लक २७,००० राहते. मिळकत जवळजवळ निम्मी झाली, पण शिल्लक केवळ ३,००० रुपयांनी घटली.

हा हिशेब पाहून वडिलांना आपलेच म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटेल. शिवाय पुण्यात रोज अडीच तास रस्त्यावर जात असतील आणि धुळ्यात अर्धा तास, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत प्रत्येकाचे ५० तास वाचतात. त्या ५० तासांत एक सामायिक रोज होऊ शकते, मुलाचा अभ्यास घेता येतो, आईला दवाखान्यात नेता येते. जैन घरात तर या वेळेला विशेष मोल आहे. डिसेंबरात जळगाव-धुळ्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्येही सात वाजून गेल्यावर फार वेळ उजेड राहत नाही. ज्याची पेढी किंवा कचेरी घरापासून दहा मिनिटांवर आहे, त्याला चौविहार पाळणे सहज शक्य होते. हिंजवडीच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता अडकलेल्या माणसाला इच्छा असूनही रात्रिभोजनाचा त्याग अवघड जातो. पुण्यात जैन संघ, मंदिरे, स्थानके पुष्कळ आहेत, साधु-साध्वींचे चातुर्मासही होतात. तेथे उणीव आहे ती वेळेची.

तरीही हा हिशेब पुरा झालेला नाही. शिल्लक घराच्या नावाने मोजली, म्हणून ती ३,००० रुपयांनी घटलेली दिसली. ती माणसागणिक मोजली, तर पत्नीची ६५,००० रुपयांची कमाई शून्यावर आली आहे. तिने घेतलेले शिक्षण, दहा वर्षांचा अनुभव, तिच्या नावाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि स्वतःच्या पैशातून आईवडिलांना काही देण्याचे स्वातंत्र्य, यांपैकी काहीही वरच्या खर्चाच्या यादीत आले नव्हते. धुळ्याच्या स्वस्ताईची किंमत एकट्या तिने भरली. दिवाळीच्या त्या रात्री सून गप्प का होती, याचे उत्तर या रकान्यात आहे. तिच्याशिवाय झालेला हिशेब कितीही नेटका असला, तरी गृहस्थधर्माच्या दृष्टीने तो अपुरा आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे त्याला न विचारता घेणे हे अदत्तादान मानले जाते, आणि हा विचार घरातल्या माणसांनाही लावून पाहिला पाहिजे.

असाच एक रिकामा रकाना पुण्याच्या हिशेबातही आहे. गावी राहिलेल्या आईवडिलांचे एकटेपण तेथे कोठेच लिहिलेले नाही. ‘गावाकडच्या फेऱ्या ६,०००’ या एका ओळीत ते मावत नाही. रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर पुण्याहून धुळे किती तासांवर आहे, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

मर्यादा आधी, गाव नंतर

अशा वेळी जैन परंपरेतील व्रतविचार उपयोगी पडतो. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी तीन व्रतांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. परिग्रहपरिमाणात शेत, घर, सोने, रुपे, धन, धान्य इत्यादींची मर्यादा ठरवायची असते. दिग्व्रतात आपण कोणत्या दिशेला किती दूर जाऊ, याची सीमा घालायची असते. भोगोपभोगपरिमाणात रोजच्या वापराच्या वस्तू मोजून ठेवायच्या असतात. किती हवे, किती दूर जायचे आणि काय वापरायचे, हे तीन प्रश्न राहण्याचे ठिकाण निवडणाऱ्या प्रत्येकापुढे असतात. फरक इतकाच, की व्रत घेणारा त्यांची उत्तरे आधी ठरवतो आणि इतर लोक शहराला ती ठरवू देतात.

उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाची कथा व्याख्यानांतून अनेकांनी ऐकली आहे. वाणिज्यग्रामच्या या गृहस्थाकडे बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. त्यांपैकी चार कोटी भांडारात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात गुंतलेल्या होत्या. भगवान महावीरांपाशी व्रते घेताना त्याने ही संपत्ती टाकून दिली नाही, तिच्यापुढे जाणार नाही अशी मर्यादा घेतली. त्या विभागणीकडे आजच्या गृहस्थाने पुन्हा पाहण्यासारखे आहे. घर आणि राहणीमान यांत गुंतलेला भाग एकूण संपत्तीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच होता. आज गावचे शेत किंवा दुकान विकून, आईचे दागिने मोडून आणि वर कर्ज काढून शहरातल्या एका सदनिकेत सर्वस्व ओतले जाते. मग भांडार रिकामे असते, व्यापार संपलेला असतो आणि घर मात्र बँकेकडे गहाण असते. असे घर अंथरुणाची सोय करते, पण त्यावर झोप लागत नाही.

मर्यादा आधी ठरलेली नसेल, तर स्वस्त गावही वाचवू शकत नाही. वरच्या उदाहरणातील कुटुंब धुळ्यात आले आणि ‘येथे जागा स्वस्त आहे’ म्हणून त्याने मोठा बंगला बांधायला घेतला, त्याचा महिन्याचा हप्ता २५,००० रुपये बसला, तर २७,००० पैकी २,००० रुपये उरतात. त्यातच दुसरी मोटार आणि हजार पानांचे लग्न आले, की शिल्लक संपते. लहान गावात नाव मोठे असते आणि नाव राखण्याचा खर्चही मोठा असतो. पुण्यात तीन खोल्यांत समाधानाने राहणाऱ्या माणसाला गावी आल्यावर तीन मजले अपुरे वाटू लागतात, याचे कारण गावाच्या महागाईत शोधून सापडणार नाही.

बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी योगशास्त्र रचले. त्यात धर्ममार्गाला लागणाऱ्या गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांची सुरुवात न्यायाने मिळवलेल्या धनापासून होते. पुढे राहण्याच्या जागेविषयी ते सांगतात, की घर फार उघड्यावर नसावे, फार आडोशालाही नसावे आणि शेजार चांगला असावा. मिळकतीप्रमाणे खर्च असावा, ऐपतीप्रमाणे वेश असावा, मातापित्यांची सेवा घडावी, असेही ते सांगतात. आणि त्याच यादीत, जे स्थान उपद्रवाने ग्रासले आहे ते सोडून द्यावे, असाही गुण आहे. म्हणजे स्थलांतर हा त्यांच्या मते दोष नाही. जेथे न्याय्य उपजीविका मिळत नाही, तेथून निघणेही धर्माला धरूनच आहे. मारवाड सोडणाऱ्या पूर्वजांनी तेच केले होते.

या यादीत शेजाराला घरानंतर लगेच स्थान आहे, हे विशेष. जळगाव-धुळ्याचा खरा ठेवा बहुधा तोच आहे. येथे चित्रपटगृहे आणि मॉल पुण्यापेक्षा कमी असतील. पण १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, ते हेच धुळे. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच गावात आहे. अमळनेरला शंभराहून अधिक वर्षांची तत्त्वज्ञानाची संस्था आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. जीवनशैली म्हणजे केवळ खरेदीची सोय नव्हे, असे मानणाऱ्याला खानदेशात करण्याजोगे पुष्कळ आहे. मात्र ते हवे आहे की नाही, हे ज्याचे त्याने प्रामाणिकपणे सांगावे. न आवडणाऱ्या गावात केवळ स्वस्त म्हणून राहणारा माणूस तेथे वर्षानुवर्षे पाहुण्यासारखा वावरतो, आणि त्याचा त्रास घरातल्या सर्वांना होतो.

निर्णय घेताना

म्हणून पुढच्या दिवाळीला हा विषय निघेल, तेव्हा तो परतीच्या आदल्या रात्री न काढता पहिल्याच दिवशी काढावा आणि वही घेऊन बसावे. प्रथम सर्वांनी मिळून मर्यादा लिहावी : किती खोल्या, किती वाहने, महिन्याला किती शिल्लक, दानाचा किती भाग. त्यानंतर त्या मर्यादेत राहण्यासाठी दोन्ही गावांत किती खर्च येतो ते मांडावे. हिशेबात वेळेचा आणि माणसागणिक शिल्लकेचा असे दोन रकाने अवश्य असावेत. सुनेच्या कामाचा शोध मुलाच्या कामाच्या शोधाइतकाच गंभीरपणे घ्यावा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून जळगावात आहे, त्याच्याशी जोडलेली महाविद्यालये आहेत, बँका, रुग्णालये आणि उद्योग आहेत, आणि आता घरून करता येणारी कामेही आहेत. काम मिळाले नाही आणि तरीही तिने येण्याचे मान्य केले, तर घराच्या शिल्लकेतील निम्मा वाटा दरमहा तिच्या नावावर जमा व्हावा. हे उपकार म्हणून नसावे, हिशेब म्हणून असावे.

पुण्यातच राहायचे ठरले, तरी तो निर्णयही तितक्याच स्पष्टपणे लिहावा. आईवडिलांकडे महिन्यातून कोण आणि केव्हा जाणार, रात्री-अपरात्री शेजारच्या कोणाला हाक मारायची, उन्हाळ्याचे दोन महिने त्यांनी पुण्यात यायचे का, हे ठरले नाही, तर ‘आम्ही आहोत ना’ या शब्दांना अर्थ राहत नाही. आईवडिलांनीही गाव सोडण्यास नकार देण्याचा आपला हक्क राखावा. ज्या गल्लीत पन्नास वर्षे काढली, ज्या स्थानकात रोजचे सामायिक होते, तेथून मुलाच्या सोयीसाठी उठून जाणे हीही एक किंमतच आहे.

आणि शक्य तेथे पहिला निर्णय दोन वर्षांसाठीच घ्यावा. घर विकू नये, नवे कर्ज काढू नये, दोन उन्हाळे आणि दोन चातुर्मास पाहावेत. दोन वर्षांनी पुन्हा वही उघडून त्याच माणसांनी त्याच रकान्यांत आकडे भरावेत. त्या वेळी सर्वांत आधी सुनेला विचारावे, आणि तिचे उत्तर वहीत पहिल्या ओळीवर लिहावे.